माझा दुसरा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि मला दोन ब्रेक आहेत. तुमच्या घरच्या गाडीला एकच असतो आणि त्या एकावर तुमचं सगळं भागतं. माझं भागत नाही, कारण माझ्या डोक्यावर 'शिकाऊ' अशी पाटी आहे, आणि जो कोणी माझं स्टेअरिंग हातात धरतो त्याला ब्रेक कुठला अन् क्लच कुठला हेच बहुतेक वेळा ठाऊक नसतं. म्हणून शेजारच्या सीटवर बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवला आहे. ह्या दुसऱ्या ब्रेकने मला कितीतरी भिंतींपासून, खांबांपासून आणि एकदा एका गरीब म्हशीपासून वाचवलं, हे मी मान्य करते. पण माझ्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप दिला तोही ह्यानेच. तेच आज सांगायचं आहे. बोलता बोलता आवाज चढला तर पोटात घाला. इंजिन तापलं की माझं असंच होतं.

आधी जन्माची कथा ऐका. कारखान्यातून आम्ही बहिणी एका रांगेत बाहेर पडलो. सगळ्या चकचकीत, सगळ्यांच्या सीटवर प्लास्टिक. एक बहीण डॉक्टरांकडे गेली. एक नव्या नवरा-नवरीकडे गेली, तिच्या आरशाला फुलं बांधली होती. मला न्यायला उंच, सडपातळ, कपाळाला आठ्या असलेले एक गृहस्थ आले. मला वाटलं, आता हे मला घरी नेतील. त्यांनी मला नेलं ते थेट मेकॅनिककडे. त्याने माझं पोट उघडून दुसरा ब्रेक बसवला, दारांवर मोठ्या अक्षरांत 'मोटार ड्रायव्हिंग स्कूल' लिहिलं आणि डोक्यावर पाटी ठोकली. नव्या नवरीची हौस तिथेच संपली. ते गृहस्थ म्हणजे आमचे मास्तर.

मग सुरू झाली नोकरी. काय सांगू तुम्हाला! तुम्हाला कोणी दिवसभर गाढ झोपवलं आणि दचकवून उठवलं, पुन्हा झोपवलं, पुन्हा उठवलं, तर कसं वाटेल? माझं इंजिन तसं बंद पडायचं. चौकात पडायचं, चढावर पडायचं, शाळा सुटायच्या वेळी तर हमखास पडायचं. मागून हॉर्नचा कल्लोळ. आणि बोल कोणाला? "काय डबडं आहे!" म्हणजे मला! गियर टाकताना दात खाल्ल्यासारखा आवाज माझा व्हायचा, पण हिसका कोणी दिला ते कोणी विचारायचं नाही. डावीकडे वळायचं म्हणून वायपर सुरू करणारे पाहिले. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणारे पाहिले. हँडब्रेक न सोडता मैलभर मला फरपटत नेऊन "गाडी जड चालते" म्हणणारेही पाहिले. मी सगळं सोसलं. कारण पास झाल्यावर हीच माणसं पेढ्यांचा पुडा घेऊन यायची, माझ्या बॉनेटवर प्रेमाने थाप मारायची आणि म्हणायची, "हिच्यामुळे झालं हो!" त्या एका थापेवर माझं महिनाभर भागायचं.

पण ती थाप मारणारी माणसं पुढे रस्त्यात भेटायची तेव्हा माझा जीव तीळ तीळ तुटायचा. कुणाच्या नव्या गाडीचा दिवा फुटलेला, कुणाचं दार चेपलेलं. पार्किंगमध्ये गाडी तिरकी लावून मालक घामाघूम उभे. परीक्षेत पास, रस्त्यावर नापास! आणि ह्याचं मूळ कुठे होतं माहीत आहे? माझ्या काचेवर. दोन लाल ठिपक्यांत.

झालं होतं असं. परीक्षेत सगळ्यांना भीती वाटते ती गाडी मागे घेण्याची. दोन खांबांच्या मध्ये उलट जाऊन गाडी सरळ उभी करायची. मास्तरांनी त्यावर नामी तोड काढली. मास्तरीणबाई बुटक्या. त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून, त्यांच्याच नेलपॉलिशने मास्तरांनी माझ्या मागच्या काचेवर एक ठिपका काढला आणि पुढच्या काचेवर एक. मग मंत्र ठरला: मागचा ठिपका खांबावर आला की स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पुढचा ठिपका भिंतीच्या कोपऱ्यावर आला की सरळ. बस. मागे काय आहे, किती जागा आहे, चाकं कुठे वळली आहेत, काही बघायचं नाही. ठिपका बघायचा. आणि कुठे चुकलंच, तर मास्तरांचा पाय दुसऱ्या ब्रेकवर ठेवलेलाच. असा हळूच दाबायचे की शिकणाऱ्याला वाटावं, वा, मीच थांबवली!

मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडले असते. अहो, माझ्या काचेवर ठिपका आहे. जगाच्या काचेवर कोण काढून ठेवणार आहे?

असो. आता मुख्य कथेकडे येते.

एक दिवस मास्तरांकडे सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, चेहरा दमलेला. त्यांच्या मागोमाग हाताला धरलेल्या त्यांच्या सासूबाई. सासूबाईंना एका डोळ्याने अंधुक दिसायचं, दुसऱ्याने जेमतेम, आणि तोंड मात्र दोघींचं मिळून एकट्याच चालवायच्या.

"मास्तर, ह्या मागे बसल्या तर चालेल ना?" सिस्टर म्हणाल्या. "घरी एकटं ठेवायचं जिवावर येतं."

"बसू द्या की. मागची सीट रिकामीच असते."

"मी काही बोलणार नाही हो," सासूबाई आत शिरता शिरता म्हणाल्या, आणि दार लागायच्या आत विचारलं, "मास्तर, ही सीट एवढी खाली का दबलीय?"

गाडीत माणसं फार बोलतात, मित्रांनो. समोर रस्ता असला की मनातलं आपोआप बाहेर येतं. तसं मला दोन-चार दिवसांत सगळं कळलं. सिस्टरांचा नवरा दूर देशी जहाजावर. सिस्टरांना आलटून पालटून रात्रपाळी. अशाच एका रात्री सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि सकाळी सिस्टर घरी येईपर्यंत ओल्या फरशीवर पडून होत्या. हाका मारून मारून घसा बसला होता. तेव्हापासून रात्रपाळीला निघताना सिस्टरांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. आता दवाखान्यात एक जागा रिकामी झाली होती: व्हॅन घेऊन गावाबाहेरच्या घरांत जायचं, अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायच्या, औषध द्यायचं. पूर्ण दिवसाचं काम, रात्रपाळी कायमची बंद. जागा सिस्टरांनाच द्यायची असं मोठ्या डॉक्टरांच्या मनात होतं. अट एकच. लायसन्स हवं.

आणि सिस्टर माझ्याच स्टेअरिंगवर एकामागून एक दोन परीक्षांत नापास झाल्या.

पहिल्यांदा काय केलं? परीक्षेच्या दिवशी पहाटेपासून मला मैदानात गोल गोल फिरवली. पोटात चहाचा घोटसुद्धा नाही. "आता खाल्लं तर उलटी होईल," म्हणे. परीक्षेला बसल्या तेव्हा त्यांचे डोळे मिटत होते आणि माझी टाकी रिकामी होत आली होती. दोघी उपाशी! पहिल्याच वळणावर इंडिकेटर द्यायचा राहिला.

दुसऱ्यांदा तर कहर. गाडी छान चालली होती. तेवढ्यात शेजारी बसलेल्या परीक्षक साहेबांनी खिशातलं पेन काढून कागदावर काहीतरी लिहिलं. झालं! सिस्टरांनी भर रस्त्यात मला उभी केली आणि विचारलं, "साहेब, काय लिहिलंत?"

"तारीख," साहेब म्हणाले.

मागून ट्रकचा हॉर्न. साहेबांनी मग जे लिहिलं ती तारीख नव्हती.

आता तिसरी खेप, आणि मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की ह्या वेळी नाही जमलं तर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, रुग्ण थांबत नाहीत. तेव्हापासून सिस्टर माझ्यात बसल्या की त्यांची भीती मला आधी क्लचवरून कळायची. पाय असा थरथरायचा की माझ्या पोटात भूकंप. ओठांवर सारखं पुटपुटणं: "मागचा ठिपका खांबावर, पूर्ण डावीकडे. पुढचा ठिपका कोपऱ्यावर, सरळ." आणि मागच्या सीटवर सासूबाई देवाचं नाव संथ सुरात गुणगुणत असायच्या. त्या म्हणायच्या, भीती वाटली की मी नाव घेते. गाडीत बसल्या की नाव तोंडातून जातच नसे, म्हणजे बघा आमची ख्याती.

अशात आमच्यावर संकट आलं. कापडाच्या दुकानाचे एक मालक शिकायला येत. त्यांनी मला मागे घेताना ठिपक्याकडे अशी टक लावली की मैदानाचं उघडं फाटक त्यांना दिसलंच नाही. मास्तर त्या क्षणी फोनवर बोलत होते, पाय ब्रेकवर नव्हता. माझी मागची काच खळकन फुटली. मला लागलं त्याचं दुःख नाही. मालक उतरून काय म्हणाले ऐका: "मास्तर, ठिपका तर बरोबर खांबावर होता!"

नवी काच आली. तिच्यावर ठिपका हवा. मास्तरीणबाई तेव्हा बहिणीकडे गेलेल्या. मग मास्तर स्वतःच ड्रायव्हरच्या सीटवर बसले, स्वतःच्या ताडमाड उंचीवरून अंदाज घेतला आणि ठिपका काढला. पुढच्या काचेवर जुनाच ठिपका होता, मागे नवा. एक बुटक्या बाईच्या डोळ्याचा, एक उंच माणसाच्या डोळ्याचा. मी बघत होते. कपाळावर हात मारून घ्यायला मला हात नाहीत.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. मागचा ठिपका खांबावर आणला, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं आणि मी ठाणकन खांबावर.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

पुन्हा ठाणकन.

"सिस्टर, लक्ष कुठे आहे तुमचं?"

"लक्ष ठिपक्यावरच आहे, मास्तर! ठिपका चुकलाय."

"वीस वर्षं ठिपके काढतोय मी. ठिपका चुकत नाही. माणूस चुकतो."

"मग तुम्ही करून दाखवा."

मास्तर आले, बसले, ठिपका खांबावर आणला आणि मी अलगद जागेवर. मास्तरांनी विजयी मुद्रेने बघितलं. सिस्टर पुन्हा बसल्या. ठाणकन. आता त्यांचे डोळे भरून आले. "मला नाहीच जमणार. माझं डोकंच चालत नाही. परीक्षा म्हटलं की सगळं पुसलं जातं." स्टेअरिंगवर डोकं टेकलं तर माझा हॉर्न वाजला, आणि त्या दचकून आणखीच रडायला लागल्या. मीही त्या दिवशी मनातून पार विटले होते, मित्रांनो. मला वाटलं, जाऊ दे, ओढून न्या मला भंगारात.

मागच्या सीटवरचं गुणगुणणं थांबलं.

"अगं, खांब तो बघ ना तिथे आहे," सासूबाई म्हणाल्या. "मला अर्धं दिसतं तरी दिसतोय. तू त्या टिकलीकडे काय बघत बसलीस?"

"आई, ती टिकली नाही. ते मार्किंग आहे. परीक्षेत त्यानेच होतं."

"बरं बाई, मार्किंग. मला एक सांग. तू माणसांच्या हाताला सुई टोचतेस ना? शीर शोधून?"

"हो, मग?"

"मग लोक काय हातावर टिकली काढून येतात?"

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

"कुणाचा हात जाड, कुणाचा काटकुळा," सासूबाईंना आता थांबवणं शक्य नव्हतं. "माझीच शीर तुला कुठे सापडली होती, आठवतं? त्या दुसऱ्या पोरीने चार वेळा टोचून माझी चाळणी केली. तू आलीस, बोटाने चाचपलंस, आणि एका दमात. तेव्हा कुणी ठिपका काढून दिला होता तुला?"

"ते वेगळं, आई. तिथे हात बसलाय. वर्षानुवर्षं केलंय."

"मग इथे बसव हात! रडतेस कशाला?"

सिस्टरांनी डोळे पुसले. मग शेजारची पिशवी उघडली, स्पिरिटची छोटी बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि खाली उतरून माझं मागचं दार उघडलं.

"सिस्टर! अहो सिस्टर, काय करताय?" मास्तर ओरडले.

त्यांनी मागचा ठिपका घासला. सहज निघेना, तशी जोर लावून घासला. मग पुढे येऊन दुसराही. वर्षानुवर्षांचा तो लाल डाग कापसावर उतरला, आणि माझी काच, काय सांगू, कुणीतरी डोळ्यातला मोतीबिंदू काढावा तशी मोकळी झाली.

"परीक्षा तोंडावर आलीय आणि तुम्ही..." मास्तर म्हणाले.

"मास्तर," सिस्टर म्हणाल्या, "आता मला मागे बघायला शिकवा. आणि अजून एक. तुमचा पाय त्या ब्रेकवरून काढा. कधी मी थांबवते आणि कधी तुम्ही, मला कळतच नाही."

"अहो, ठोकाल!"

"आत्ता तरी काय करतेय?"

मास्तर चिडले. पण माणूस मनाने खोटा नव्हता. त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले. "घ्या," म्हणाले, "देवावर हवाला ठेवून चालवा." मागून सासूबाईंनी मोठ्याने नाव घ्यायला सुरुवात केली.

पहिला दिवस वाईट गेला. खोटं कशाला सांगू? मी दोनदा खांबाला टेकले, एकदा कुंपणाला. पण सिस्टर आता मान वळवून मागे बघत होत्या, आरशात बघत होत्या, थांबून विचार करत होत्या, चाक किती फिरवलं की माझं ढुंगण कुठे जातं. क्षमा करा, पण त्याला दुसरा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मैदानाचं दुसरं टोक घेतलं. तिसऱ्या दिवशी खांब सोडून बाजारातली पार्किंगची जागा. सिस्टर रोज फार वेळ बसत नसत. काम सुटलं की तासभर, पण मन लावून. जे चुकलं तेवढंच पुन्हा करायचं, जे येतं त्यात वेळ घालवायचा नाही. "जखम असते तिथेच ड्रेसिंग करतात," असं त्या मास्तरांना म्हणाल्या, आणि मास्तर पहिल्यांदा हसले.

मग मास्तरांनाही चेव आला. एक दिवस ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कागद-पेन घेऊन बसले आणि म्हणाले, "मी साहेब. एक शब्द बोलणार नाही." आणि खरंच बोलले नाहीत. नुसतं लिहीत राहिले. खरं तर काही लिहायचं नसताना लिहीत राहिले. पहिल्यांदा सिस्टर पेनाकडेच बघत राहिल्या आणि इंजिन बंद पाडलं. दुसऱ्यांदा निम्मं रस्त्याकडे, निम्मं पेनाकडे. चौथ्या-पाचव्या खेपेला मास्तर एवढ्या जोरात पेन खरडत होते की कागद फाटला, आणि सिस्टरांनी मान वळवून बघितलंही नाही.

"काय लिहिलंत हो मास्तर?" उतरल्यावर सासूबाईंनी विचारलं.

"वाणसामान," मास्तर म्हणाले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सिस्टरांनी मला हातच लावला नाही. मी फाटकात वाट बघत उभी. मला वाटलं, आली नाही, घाबरली. दुसऱ्या दिवशी कळलं, बाई जेवून वेळेवर झोपल्या होत्या. सकाळी येताना दोन केळी खाऊन आल्या, आणि माझी टाकी भरून घेतली. मला अगदी भरून आलं. इतक्या वर्षांत परीक्षेला जाताना मी पोटभर गेले ती पहिलीच वेळ.

तरीही भीती आलीच. ती कुठे जाते? परीक्षेच्या मैदानात रांग होती. आमच्या पुढच्या मुलाने दुसऱ्या एका शाळेची गाडी आणलेली, काचेवर निळे ठिपके. तो परत आला तो कपाळाला हात लावूनच. "अहो, खांबच नाहीत! रंगवायला काढलेत. त्या टोकाला प्लास्टिकचे शंकू ठेवलेत. आता ठिपका कशावर आणायचा?" हे ऐकून सिस्टरांचा पाय माझ्या क्लचवर पुन्हा थरथरायला लागला. हात गार. श्वास वरच्या वर.

सासूबाईंना आत बसायची परवानगी नव्हती. त्या बाहेर बाकावर बसायला निघाल्या होत्या, पण माझ्या खिडकीशी थांबल्या. दिसत नव्हतं फारसं, पण सुनेचा हात चाचपला आणि त्यांना कळलं.

"मला टोचताना तू काय सांगतेस ग?"

"काय?"

"सांग की. नेहमी सांगतेस."

"लांब श्वास सोडा," सिस्टर म्हणाल्या. "बोटं हलवा. समोर कुठेतरी नजर ठेवा. टोचेल, पण थोडंच."

"मग? माझ्यासारख्या म्हातारीला जमतं ते तुला का नाही?"

सिस्टर हसल्या. लांब श्वास सोडला. सासूबाई नावाचा सूर शेवटपर्यंत ओढत सोडायच्या ना, अगदी तसा, हळूहळू, छाती रिकामी होईपर्यंत. बोटं हलवली. क्लचवरचा भूकंप पुरता थांबला नाही, पण पाय आता त्यांचा होता.

साहेब आले आणि मास्तरांच्या जागेवर बसले. त्यांनी दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवला, तो नियमच आहे. शिवाय आम्हाला बघून त्यांना तारखेची आठवण झाली असावी. "चला," म्हणाले.

आम्ही निघालो. वळण, इंडिकेटर, सिग्नल. साहेबांनी काहीतरी लिहिलं. सिस्टरांनी पुढेच बघितलं. मग शंकूंपाशी आलो. सिस्टर थांबल्या, मान वळवली, जागा डोळ्यांनी मापली, जशी हातावर शीर शोधावी. मागे घेतलं. थोडं जास्त वळलं. मी उजव्या शंकूच्या अगदी जवळ गेले, मध्ये एका बोटाचं अंतर राहावं एवढी. साहेबांच्या पायाचं बोट ब्रेकवर ताठ झालेलं मला जाणवलं. पण त्याआधीच सिस्टरांच्या पायाने मला थांबवलं. एकदा सावरून घ्यायची मुभा असते. त्यांनी मला थोडी पुढे घेतली, चाक सरळ केलं, पुन्हा मागे. उभी राहिले. सरळ.

आणि मग चढावर, मित्रांनो, मी बंद पडले.

हो, मी. जुनं इंजिन, काय करणार? आधी क्लच जरा भरकन सुटला, आणि मी खोकून गप्प झाले. मला वाटलं, आता रडणार, हॉर्नवर डोकं ठेवणार, संपलं सगळं. त्या दबल्या सीटवर बसणाऱ्या म्हातारीची रात्र माझ्या डोळ्यांसमोर आली, ओली फरशी, बसलेला घसा. मला स्वतःचाच असा संताप आला की विचारू नका.

सिस्टरांनी हँडब्रेक ओढला. लांब श्वास सोडला. गियर न्यूट्रलला. किल्ली फिरवली. "पुन्हा," असं हळूच स्वतःला म्हणाल्या. मी सगळा जीव एकवटला आणि सुरू झाले. आम्ही चढ चढलो, एक वीतही मागे न घसरता.

परत येऊन थांबलो तेव्हा साहेब काही वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, "गाडी बंद पडली तेव्हा घाबरला नाहीत?"

"घाबरले ना, साहेब. पाय बघा, अजून कापतोय."

"मग?"

"मग काय, पुन्हा सुरू केली."

साहेबांनी खाली बघितलं. "ह्या ब्रेकवर सबंध वेळ माझा पाय होता," ते म्हणाले. "एकदाही दाबावा लागला नाही." आणि कागदावर सही केली.

बाकावर बसलेल्या सासूबाईंना दुरून काही दिसलं नसणार. पण मास्तरांनी मारलेली शिट्टी त्यांनी ऐकली, आणि दोन्ही हात कपाळाशी जोडले.

त्याला आता बरेच दिवस झाले. परवा दुपारी आमच्या फाटकापाशी एक पांढरी व्हॅन आली. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये इतकी कमी जागा होती की मी अंग चोरलं. व्हॅन उलटी आत आली, एका दमात, मला धक्काही न लावता. पुढच्या खिडकीतून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं. "ह्या गाडीची सीट फार छान आहे हो मास्तर!" त्या म्हणाल्या. सिस्टर उतरल्या, माझ्या बॉनेटवर थाप मारली. रात्री आता दोघी घरी असतात, असं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

ते सगळं कापडाच्या दुकानाचे मालक बघत होते. नुकतेच मास्तरांकडे परत आले होते. व्हॅन गेल्यावर ते माझ्यात बसले, आणि इकडे तिकडे शोधायला लागले. "मास्तर, ठिपके कुठे गेले?"

"पुसले."

"मग मी बघू कुठे?"

"मागे," मास्तर म्हणाले, आणि चपला काढून मांडी घालून बसले.

त्या दिवशी मालकांनी मला तीनदा खांबाला टेकवलं. मी चिडले, बडबडले, धूर सोडला. माझा स्वभाव काही बदलला नाही. पण मागे बघत होते ते, ठिपक्याकडे नाही, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना माफ केलं.

तर मित्रांनो, परीक्षा आली की तुम्हीही कुठेतरी ठिपके काढून ठेवता, मला ठाऊक आहे. प्रश्न असाच येईल, उत्तर इथून इथपर्यंत पाठ, मागे-पुढे बघायला नको. मग खांब हलले की रडू येतं. आधीच पुसा ते. रोज थोडं शिका, चुकेल तिथे पुन्हा शिका, आदल्या दिवशी जेवा, झोपा. आणि भीती वाटली तर श्वास लांब सोडा. ती शेजारी बसून राहील, बसू दे, चाक तुमच्या हातात आहे. मध्येच बंद पडलात तर पुन्हा सुरू व्हा. मी म्हातारी असून सुरू होते, तुम्हाला काय झालंय?

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना म्हणतात, आमच्याकडे लक्ष द्या, आमची धूळ पुसा. माझंही जरूर धुवा-पुसा, मला आवडतं. फक्त एक जागा सोडा. माझ्या दुसऱ्या ब्रेकच्या रबरावर हल्ली धूळ बसायला लागली आहे. ती तेवढी पुसू नका.